इराणी पट आणि आमच्या गल्लीचा टँकर

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात माझी मुलगी पुण्याहून एक खेळ घेऊन आली. जुन्या इराणच्या साम्राज्याचा. पुठ्ठ्याचा मोठा पट, वरच्या टोकाला डोंगर, खाली वाळवंट आणि मधे चार प्रांत. चौघांनी चार सुभेदार व्हायचं. धान्य, दगड, उंट आणि पाणी सांभाळत आपापलं शहर उभं करायचं. पाणी डोंगरातून जमिनीखालच्या नहरीनं येतं. डोंगराजवळचा सुभेदार आधी घेतो, उरलं तर पुढच्याला. मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून. पाणीपाळीचे तक्ते करण्यात वीस वर्षं गेलेली. मुलीला ते नियम कळायला दोन दिवस लागले होते, मला अर्धा तास पुरला.

आमच्या गल्लीत सहा घरं होती आणि आठ दिवसांनी एक टँकर यायचा. तो मोठ्या रस्त्याकडून येऊन पहिल्या घरासमोर थांबायचा आणि पाईप तिथून सुरू व्हायचा. शेवटच्या घरापर्यंत पाईप पोचेस्तोवर टँकर रिकामा. त्या घरात नांदेडकडच्या धर्माबादची एक नर्स म्हाताऱ्या आईला घेऊन भाड्यानं राहायची. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. लागोपाठ दोन टँकर तिला कोरडे गेले.

"ताई, ह्या मंगळवारी बी नाही भेटलं तर मी घर सोडते," ती मला म्हणाली. "आईला घेऊन जाते गावाकडं. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्या. ट्रंक आवळायला सुतळी बी आणून ठेवलीय."

वाटप बघायचं काम गल्लीनं माझ्यावर टाकलं होतं. म्हणजे चूक माझीच. कालव्याच्या शेवटच्या शेतापासून वर माथ्याकडे पाणी द्या, अशी पत्रं आमच्याच टेबलावरून सुटायची, आणि घरासमोर मात्र मी आधीपासून चालत आलं तेच चालू ठेवलं होतं.

रविवारी दुपारी मुलीनं पट मांडला. ती, मी, सिस्टर आणि पहिल्या घरातल्या काकू. काकू उदगीरच्या. त्यांचे यजमान उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून निवेदनं देत फिरायचे. चिठ्ठ्या टाकल्या. सिस्टरला डोंगराजवळचा प्रांत आला आणि काकूंना वाळवंटाचा.

तिसऱ्या फेरीत काकूंचे उंट मेले.

"सिस्टर, सोडा की जरा खाली."

"सोडते ना काकू. आधी माझी बाग होऊ द्या."

"बाग? इथं माणसं मरून राहिलीत आन् हिला बाग पायजे!"

"माणसं नाही, उंट," माझी मुलगी म्हणाली.

"लई वंगाळ खेळ हाय हा. मला वेगळा जिल्हा करून द्या."

"जिल्हा वेगळा झाला तरी नहर तीच राहणार, काकू," मी म्हणाले.

"मग नहर माझ्याकडून सुरू करा!"

सगळ्या हसलो. सिस्टर तर डोळे पुसेपर्यंत हसली. काकूंनी तिच्यापुढच्या पाण्याच्या दोन निळ्या सोंगट्या सरळ उचलून घेतल्या आणि चहा मागितला.

मंगळवारी सकाळी बघते तर काकूंच्या दारात पिंपं, हंडे, कळशा, नातवाचा आंघोळीचा टब, सगळं ओळीनं मांडलेलं.

"काकू, परवा वाळवंटात होतात तेव्हा तुम्हीच म्हणालात, शेवटून सुरू करा."

"अगं, तो खेळ होता."

खेळानं माणसं शहाणी होत असतीलही, पण मला त्याचा भरवसा नव्हता. म्हणून सोमवारीच कचेरीतली टेप आणून गल्लीचं मागचं तोंड मोजून ठेवलं होतं. मोठ्या रस्त्यावर जाऊन मी टँकर अडवला आणि ड्रायव्हरला मागून यायला सांगितलं.

"ताई, मागून गाडी घुसत न्हाई."

"घुसते. दोन्ही अंगांनी वीतभर जागा राहते. आरसे मिटून घ्या."

तो कुरकुरत आला, पण आला. पहिला पाईप सिस्टरच्या टाकीत गेला. तिथून एकेक घर करत वर. काकूंची निम्मी पिंपं भरली आणि टँकर संपला.

काकू रस्त्यात उभ्या राहून ओरडल्या, "तुझ्या माहेरची लागते का गं ती? दोघी नांदेडकडच्या, म्हणूनच!"

माझं माहेर नांदेडजवळच्या अर्धापूरचं, हे खरंच होतं.

"हाव काकू, नांदेडकडच्या. पुढच्या मंगळवारी टँकर तुमच्याकडून येईल, त्याच्या पुढच्या मंगळवारी परत तिकडून. तुम्हाला चालत नसेल तर वाटप तुम्ही बघा."

वाटप बघायला कुणी पुढं आलं नाही. काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणी मात्र पाळीनं भरत राहिल्या, आणि आपल्या मंगळवारी हात राखून भरायच्या, कारण पाईपला मी उभी असायचे.

सिस्टर घर सोडणार नाही असं मला कुणी येऊन सांगितलं नाही. त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी कामावर जाताना तिच्या दारात नवी दोरी बांधलेली दिसली. ट्रंक आवळायला आणलेली सुतळी होती ती. तिच्यावर धुतलेले तीन पांढरे युनिफॉर्म वाळत होते.