रोवणीचं दुखणं

काकाजी कुणाची ख्यालीखुशाली विचारत नसत. सरळ उकिडवं बसायला लावत आणि उठताना आपलं तोंड किती वाकडं होतं ते बघत. आपण कळवळलो की खूश! ‘दुखून राहिलं ना? म्हंजे काम चालू हाय.’ होमगार्डमधून निवृत्त झालेला हा माणूस तिरोड्याजवळच्या आमच्या गावातल्या पोरींना पोलीस भरतीसाठी फुकट धावायला शिकवायचा. गावाने नावं ठेवली, तेव्हा त्यांनी गावालाच झापलं होतं.

रोवणीत आमचं धावणं जिवावर यायचं. दिवसभर बांधीत वाकून धान लावल्यावर कसलं धावणं! परतलो की मांड्या भरून आलेल्या असायच्या. काकाजींचा उपाय ठरलेला, त्याच दिवशी दोन फेऱ्या जास्त. ‘आराम केला का आंग गोठते.’ आम्ही शिव्या घालत धावायचो. चौथ्या दिवशी पाय मोकळे व्हायचे आणि हा माणूस देव वाटायचा.

भरतीसाठी माझी वयोमर्यादा संपत होती, त्या वर्षी उजवी नडगी मोकळी झालीच नाही. बांध्यांत पाणी, म्हणून डांबरी रस्त्यावर धावत होतो. मी तीनदा सांगितलं, ‘काकाजी, हे रोवणीचं नाही. एकाच जागी टोचून राहिलं.’

‘रोवणीचंच होय. नाटक नोको करू.’

मी ऐकलं. भरतीच्या मैदानावर अर्ध्यातच खाली बसले. हाडाला चीर गेली होती. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, ‘इतने दिन दौड़ी कैसे?’

काकाजी मोहाच्या बियांचं तेल घेऊन भेटायला आले. ‘चुकलो’ म्हणाले असते, तर मी तिथेच सगळं विसरले असते. ‘नशीब,’ म्हणाले आणि बाटली ठेवून गेले. मी ती उकिरड्यावर फेकली.

यंदा मला रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी धावायला सांगितलं. बारा वर्षांनी पुन्हा धावले आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या. पहिली आठवण काकाजींचीच आली, याचाही संताप झाला. तशीच लंगडत त्यांच्या घरी गेले. ते आता खाटेवरच असतात, पण कोणती पोरगी कोणत्या ठाण्यात आहे, सगळं तोंडपाठ. मला ओळखून म्हणाले, ‘हड्डीचं तुनं सांगाले पाहिजे होतं व पोरी. मी धावू देलो असतो का?’

‘तीनदा सांगितलं होतं, काकाजी.’

‘नाही सांगितलं,’ ते मायेने म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसंच आठवत होतं. त्यांचा तो ‘चुकलो’ मला आता कधीच मिळणार नव्हता. मी पाया पडले आणि घरी आले.