निंबावरचं घरटं आणि माझं पुस्तक

त्या वर्षी संक्रांतीच्या आधीच आमच्या विहिरीवरची मोट बंद पडली. मोटेचं चाक ज्या आडव्या लाकडावर बसतं, ते मधोमध तडकलं. दर्यापूरबाहेर आमची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, मेथी आणि कडेनं झेंडू. थोरला भाऊ हंगामापुरता अकोल्याला कापसाच्या जिनिंगात गेलेला. मग बाबा, माय आणि वयनी दोरानं घागरी ओढून वाफे भिजवू लागले. मायच्या तळहातांची सालं निघाली. भाकर थापताना ती मधेच हात झटकायची.

नवं लाकूड वाडीतच उभं होतं. विहिरीजवळच्या निंबाची एक जाड फांदी अगदी मापाची होती. पण तिच्यावर घारीच्या जोडीनं घरटं केलेलं. बाबा माळकरी. कुऱ्हाड घेऊन गेले, वर पाहिलं आणि कुऱ्हाड परत आणून ठेवली.

"पाळणा हाये तिथं," एवढंच म्हणाले.

मी अमरावतीच्या कॉलेजात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. राजापेठेत आमच्याच जातीतल्या एका घरी ओसरीवर राहायचो. माघात घरी गेलो तेव्हा घरट्यात एक पिल्लू निघालेलं होतं. बाबांनी मला निंबाखाली नेलं.

"तू येवढा कॉलेजात जातं. सांग बरं, हे पिल्लू कई उडन? तवरीक तं घागरीच ओढा लागन."

आमच्या घरात शाळा पाहिलेला मी पहिलाच. मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. छाती फुगली. म्हणालो, "पाहून सांगतो."

कॉलेजच्या वाचनालयात पाखरांवर एकच इंग्रजी ग्रंथ होता, विलायतेत छापलेला. त्यात एक चित्र सापडलं. तपकिरी पाठ, आकड्यासारखी चोच, झाडावर काटक्यांचा ढीग. हीच ती, असं मी ठरवून टाकलं. हे पाखरू फक्त मासे खातं, नर मासे आणून देतो, मादी पिल्लापाशी बसते, सात-आठ आठवड्यांत पिल्लू उडतं, असं लिहिलेलं. मी घारी जन्मापासून पाहत आलो होतो. पण त्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या.

फाल्गुनात परीक्षेची पुस्तकं घेऊन घरी आलो आणि निंबाखाली खाट टाकली. काहीच जुळेना. दोन्ही घारी सारख्याच. बाप कोणता, माय कोणती, शेवटपर्यंत कळलं नाही. मासा एकही नाही. उंदीर आला, सरडा आला आणि एक दिवस वयनीच्या वाळत घातलेल्या चोळीची लाल बाही घरट्यात गेली.

"भाऊजी, तुमच्या पुस्तकातली घार चोयी बी खाते का?" वयनी म्हणाली आणि घागर तशीच धरून हसत सुटली.

"काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो. घारीचं की पुस्तकाचं, ते मला सांगता आलं नाही.

पिल्लाला पिसं आली आणि घारींनी खाणं आणणं जवळजवळ बंदच केलं. एका वेळी एकच दिसे. ती तीच की दुसरी, कोण सांगणार? चोचीत काहीतरी धरून घिरट्या घालायची, घरट्याजवळून जायची आणि न देताच निघून जायची. पिल्लू दिवसभर ओरडे. खाली वांग्यांनी माना टाकलेल्या. बाबा घागर ओतून वर पाहत आणि पुन्हा दोर धरत. मला वाटलं, नर मेला, पिल्लू मासळीवाचून मरतंय. ते मेलं तर बाबांनी इतके दिवस ओढलेलं पाणी वायाच.

नदीवरच्या भोयाकडून मी एक मासा आणला, पळसाच्या पानात गुंडाळून, वर मेथीच्या जुड्या ठेवून. मायला वास आलाच.

"काहून रे, शिकून शिकून हे आनलं घरात?"

बाबा आले. मी त्यांना पुस्तकातलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग चढ."

मी अर्ध्यावर पोचलो नाही तोच घारीनं डोक्यावर झडप घातली. रक्ताळलेलं डोकं घेऊन खाली आलो. बाबांनी गळ्यातली माळ काढून मायच्या हातात दिली. डोक्याला दुपट्टा गुंडाळला. ज्या हातांनी कधी मासा शिवला नव्हता, त्याच हातांनी तो वेळूच्या टोकाला खोचला आणि चढले. घार तीनदा झोंबली. घरट्याच्या काठावर मासा टेकवून ते उतरले, अंगावरच्या कपड्यांसकट न्हाले, माळ घातली.

थोड्या वेळानं घार आली. तिनं पिल्लाला मासा दिलाच नाही. उचलला, विहिरीवरच्या तडकलेल्या लाकडावर जाऊन बसली आणि आपणच फाडू लागली. पिल्लू किंचाळत फांदीच्या टोकाशी आलं. आणखी किंचाळलं. मग पंख उघडून वेडंवाकडं खाली आलं, घारीशेजारी धडपडलं आणि मासा ओढून घेऊन बांधावरच्या बाभळीवर गेलं.

आम्ही चौघं पाहतच राहिलो.

"पुस्तकात असंच लिवलं होतं का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"



चित्रातलं पाखरू मासेमार घार होती, आपल्याकडे ती हिवाळ्यापुरती येते, घरटं करत नाही, आणि घारी पिल्लाला उडायला लावण्यासाठीच खाणं आखडतात, हे पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. पण बाबांना तर आमची घार काय खाते ते ठाऊक होतं. मग माळ उतरवून ते का चढले? एकदा विचारलं.

"तू सांगतलं म्हून," ते म्हणाले आणि पुन्हा निंदायला बसले.

हा विश्वास होता की टोमणा, मला अजून ठरवता येत नाही.

पिल्लू रात्रीपुरतंही घरट्यात येईनासं झालं, तेव्हा बाबांनी फांदी तोडली. पाडव्याच्या आधी मोट सुरू झाली. निम्मी वांगी वाचली. त्याच वर्षी मी बी.ए. पास झालो, आमच्या घरातला पहिला.