आडवे सावळीराम, उभ्या सुलाबाई

निवृत्त लिपिक सावळीराम पगाऱ्यांची कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. "आणि आरामखुर्ची?" त्यांनी विचारलं. खुर्चीला डॉक्टरांची हरकत नव्हती. मग सावळीरामांनी पेठ रोडच्या भिमाजी वेल्डरकडून आरामखुर्चीलाच चाकं बसवून घेतली आणि पॅडल पुढे, पायांपाशी. विहाराला एक फेरी मारून आले ते खूश होऊन.

"सुला, गादीवर पडल्यासारखं वाटतं."

"समोरचं काय दिसतं?"

"माझे गुडघे. आणि आभाळ."

सुलाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. प्रयोगाशिवाय त्या काही मानत नसत. त्यांनी नवऱ्याची जुनी उभी सायकल काढली आणि दोघं पंचवटीच्या भाजीबाजाराकडे निघाले.

उतारावर सावळीराम कुठल्या कुठे पुढे गेले. उन्हासाठी त्यांनी पांढरी चादर हनुवटीपर्यंत ओढली होती. गल्लीत रिक्षांची कोंडी होती, पण त्यांना पाहताच ती फुटली. एकाने स्कूटर बंद करून हात जोडले. काही माणसं मुकाट्याने मागून चालू लागली.

"पाय हलतायत त्यांचे," कुणीतरी म्हणालं.

"रस्ता खराब आहे," एक दुकानदार म्हणाला.

सावळीराम बाजाराकडे वळले.

"अहो, घाट इकडे आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला मेथी घ्यायचीय," चादरीतून आवाज आला.

सगळे थबकले. मग दुकानदार शांतपणे म्हणाला, "घेऊ द्या. इच्छा राहायला नको." लोकांनी त्यांना चांगल्या कोवळ्या जुड्या निवडून दिल्या.

मागे पुन्हा जमलेल्या कोंडीत अडकलेल्या सुलाबाई उशिरा पोचल्या. बायको म्हटल्यावर दोन बायकांनी त्यांना आधार दिला.

"अहो, उठा बघू," सुलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. सावळीराम उठून बसले.

दुकानदाराचं तोंड उतरलं. "मी शटर ओढून आलोय हो."

सावळीरामांना फार ओशाळल्यासारखं झालं. "चहाला घरी चला," ते म्हणाले. सगळे निघाले.

परतीच्या चढावर सुलाबाई पॅडलवर उभ्या राहून सरळ वर गेल्या. झोपलेल्या माणसाला तसा जोर लावता येईना. खुर्ची मागे घसरू लागली. शेवटी चहाला निघालेल्या मंडळींनीच ती ढकलत कॉलनीपर्यंत आणली.

"मग, कोणती सायकल बरी?" दुकानदाराने धापा टाकत विचारलं.

"उतारावर यांची, चढावर माझी," सुलाबाई म्हणाल्या. "आरामाचं म्हणाल तर यांचीच. पण तिला माणसं फार लागतात."