दार उघडेपर्यंत

आमची ताई विमानात नोकरीला आहे म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे लिपस्टिक आणि हसरा चेहरा यायचा. मला हसू यायचं. ताईचं खरं काम होतं भांडणं मिटवण्याचं. कुणी दारू पिऊन शेजाऱ्याच्या अंगावर जातोय, कुणी बॅग ठेवायच्या जागेवरून हातघाईवर आलाय, की विमानातल्या मुली एकच म्हणायच्या, "फौजदाराला बोलवा." फौजदार म्हणजे ताई. उंची बेताची, अंगानं काडी, आणि आवाज असा की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाऊ नये. मी शाळेत शिकवते, माझा आवाज दोन वर्ग ओलांडून जातो, तरी घरात माझं कुणी ऐकत नाही. तिचं मात्र भले भले दारुडे ऐकायचे.

भडकलेल्या माणसासमोर ती कधी उभी राहायची नाही. दोन रांगांच्या मधल्या वाटेत उकिडवी बसायची. "वरून बोललं की माणूस पेटतो गं," म्हणायची. आधी समजूत, मग ताकीद, आणि अगदीच नाइलाज झाला तर प्लॅस्टिकचे पट्टे काढून हात बांधायचे. ते पट्टे फार क्वचित निघत. आणि निघाले, तर एक नियम होता: खाली पोलीस उभे आहेत, हे बांधलेल्या माणसाला दार उघडेपर्यंत कळू द्यायचं नाही. कळलं की तो पुन्हा उसळतो, आणि चहूबाजूंनी माणसं बसलेली असतात. नियम शहाणपणाचाच आहे. मला त्याला मूर्ख म्हणता येत नाही, याचीच मला जास्त चीड येते.

त्या दिवशी सकाळचं विमान सुटायलाच उशीर झाला होता. मधल्या रांगेत एक नळजोडणी करणारा माणूस बसला होता. जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेला. त्याची आई इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती आणि दादाचा फोन आला होता, असशील तसा निघ. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. नुसता उठत होता, बसत होता. विमान वर गेलं तसा तो तडक पुढे निघाला आणि पायलटच्या बंद दारावर थापा मारायला लागला.

का? तर पायलटला सांगायला, जरा जोरात घ्या म्हणून! आयुष्यभर एसटीनं फिरलेला माणूस. घाई असली की ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि विनवायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्या दाराला हात लावणं म्हणजे विमानातला सगळ्यात मोठा गुन्हा, हे त्याला कोण सांगणार? एक नवी मुलगी आडवी आली, त्यानं तिला बाजूला सारलं, ती ट्रॉलीवर आपटली. मग काय, दोघा-तिघा प्रवाशांनी त्याला धरला, ताईनं पट्टे काढले, आणि कॅप्टननं खाली पोलिसांना कळवून टाकलं.

त्याला शेवटच्या रांगेत बसवून ताई खाली बसली तेव्हा तो रडत होता. तेव्हा कुठे आईचं कळलं. ताईनं लगेच आतल्या फोनवरून कॅप्टनला सांगितलं, "सर, हा त्यातला नाही. निरोप मागे घेता येईल का?"

कॅप्टन माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, दारावर थापा पडल्यात. आता ते माझ्या हातात राहिलं नाही."

ती पुन्हा त्याच्याजवळ येऊन बसली. तो शांत झाला होता. आई किती तापट, थोरल्यापेक्षा त्याचे लाड कसे जास्त करायची, असलं काहीबाही सांगत राहिला. ताईनं त्याला पाणी पाजलं. ती म्हणाली, "सगळ्यांच्या आधी तुम्हालाच उतरवणार आहोत." खोटं नव्हतं ते. त्याला वाटलं, आईसाठी. त्याचा चेहरा असा फुलला की ताईला त्याच्याकडे बघवेना.

विमान टेकलं. ते रांगत रांगत जागेवर जाईपर्यंत सगळ्यांचे फोन वाजायला लागले. तो म्हणाला, "ताई, माझ्या खिशातला फोन एवढा लावून देता? दादाला म्हणतो आईच्या कानाशी धर."

हात सोडायचे नाहीत, फोन द्यायचा नाही. दार उघडेपर्यंत.

"आता पोचलातच की," ताई म्हणाली. "समोरासमोरच बोला."

"तेही खरंच," तो म्हणाला. "उपकार झाले ताई."

दार उघडलं. दोन पोलीस आत आले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून ताईकडे पाहिलं, आणि त्यांच्याबरोबर गेला.

ताई मागोमाग चौकीत गेली. ट्रॉलीवर आपटलेल्या पोरीलाही घेऊन गेली. दोघींनी हातापाया पडून सांगितलं, आमची तक्रार नाही, जाऊ द्या त्याला. पण साहेब यायचे होते, जबाब व्हायचे होते. त्याचा फोन टेबलावर पडला होता. तो वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. वर 'दादा' अशी अक्षरं उमटायची. ताईनं दोनदा विनवलं, "निदान उचला तरी." हवालदार म्हणाला, "साहेब आल्याशिवाय नाही उचलता येत, बाई." मग तो वाजायचा थांबला.

दुपारी त्याला समज देऊन सोडलं. बाहेरच्या बाकावर बसून त्यानं फोन लावला, ऐकलं, आणि फोन मांडीवर ठेवला. ताई शिव्या खायच्या तयारीनं समोर उभी राहिली. तो म्हणाला, "इथून गाडी कुठं मिळते?"

तिनंच टॅक्सी केली. गणवेशातच त्याच्या शेजारी बसून गेली.

दादा इस्पितळाच्या दारातच उभा होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "मघापर्यंत तुझंच नाव घेत होती रे." मग त्याची नजर ताईच्या गणवेशावर गेली.

"विमानातल्या ताई आहेत," धाकटा म्हणाला. "मला फार सांभाळून आणलं यांनी."

दादानं हात जोडले.

त्यानंतर ताईनं नोकरी सोडली. सगळे समजावून थकले, मीही चिडले, तुझं काय चुकलं म्हणून भांडले. ती एकदाच बोलली. म्हणाली, "त्यानं मला शिवी दिली असती ना, तर मी आजही विमानात असते."