शिडाच्या रंगाचं अस्वल

चौसष्टाव्या वर्षी ध्रुवीय अस्वल बघायला जायचं ठरवलं, ते एका जुन्या चुकीपायी.

माझे पती मालवाहू जहाजावर खलाशी होते. लग्नानंतर एकदा सुट्टीवर आले असताना जेवताना म्हणाले, "उत्तरेच्या बर्फात अस्वल बघितलं. जुनं शीड कसं पिवळट पडतं, त्या रंगाचं." मी कॉन्व्हेंटात शिकलेली. त्यांच्या मित्रांसमोर उठले, शाळेत बक्षीस मिळालेलं पुस्तक आणलं आणि चित्र दाखवलं. "बघा, पांढरंशुभ्र असतं."

त्यांच्यातले नाटे गावचे कादरभाई खो-खो हसले. "तुझं अस्वल गंजलं वाटतं रे!"

यांनी पुन्हा कधी त्या अस्वलाचं नाव काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी हे गेले. खरं कोणाचं होतं, ते मला आता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"अगो नसीम, अस्वलासाठी एवढ्या लांब?" थोरल्या नणंदेनं, रुकय्या आपांनी विचारलं. "आपल्या घाटात नाय भेटत?"

"तिथली काळी, आपा."

"मग काळंच बघ. रंगाचं काय घेऊन बसलीस?"

रंगाचंच तर घेऊन बसले होते.

रत्नागिरीहून मुंबई, पुढे विमान बदलून ओस्लो आणि तिथून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइअरब्येन. बेटं शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या हद्दीबाहेर आहेत, त्यामुळे परत येता यावं म्हणून व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या. सगळ्यात जड खर्च अस्वलं बघायला नेणाऱ्या जहाजाच्या केबिनचा. ती कोणाबरोबर तरी वाटून घेतली तर परवडते. लाँगइअरब्येनला लॉजच्या दारातच चपला-बूट काढायची पद्धत आहे. कोळशाच्या खाणी होत्या तेव्हापासूनची, काजळी घरात येऊ नये म्हणून. ते बघून परकेपणा निम्मा गेला.

जहाजावर पहिले चार दिवस धुकं, सील, वॉलरस आणि बेचव सूप. अस्वल नाही. पाचव्या दिवशी रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरायचं होतं. मी रांगेत पहिली. आमची गाइड इंग्रिड जवळ आली आणि थबकली.

"तुमच्या कोटाला कसला वास येतोय?"

आतल्या खिशात हात घातला तर फाटकी पुडी. आपांनी गुपचूप सोडे ठेवले होते! सुकवलेल्या कोळंबीचा चुरा सगळ्या अस्तरात शिरला होता.

"खाण्याच्या वासानं अस्वल माणसांकडे येतं," इंग्रिड म्हणाली. "दुसरा कोट आहे?"

नव्हता.

"मग आज तुम्ही जहाजावरच थांबा. माफ करा."

डोळ्यांत पाणी आलं. एवढी आले ती केबिनमध्ये बसायला? स्वयंपाकघरातून कॉफी आणली, दुर्बीण गळ्यात घातली आणि डेकवर उभी राहिले. दोन तास. बोटं बधिर झाली तरी हलले नाही.

पलीकडच्या बर्फाच्या लादीवर काहीतरी हललं.

मी ओरडले ते मराठीतच. खलाशी धावत आले, किनाऱ्यावरच्यांना रेडिओवरून परत बोलावलं. नियमाचं अंतर राखून कप्तानानं जहाज थांबवलं. दुर्बिणीत अस्वल सावकाश चालत होतं, मान खाली घालून. भोवती सगळा पांढरा बर्फ आणि त्यात ते एकटंच पिवळट. पावसाळ्यात घडी घालून ठेवलेल्या शिडासारखं.

"चित्रात तर पांढरं असतं," परत आलेल्या इंग्रिडला मी म्हटलं.

"उन्हाळ्यात असंच दिसतं. चित्रं काढणारे घरात बसून काढतात."

हेही असेच डेकवर उभे असतील, गार बोटांनी कठडा धरून. आणि मी त्यांना पुस्तक दाखवलं.

घरी आल्यावर आपांनी आधी सोड्यांचं विचारलं. "त्यांच्यामुळेच दिसलं," म्हटलं, तर दिवसभर रुबाबात होत्या.

दुसऱ्या सकाळी एसटीनं नाट्याला गेले. कादरभाई आता नीट चालत नाहीत. ओटीवर बसले होते, समोर त्यांचे मुलगे आणि सुना. मला तेच हवं होतं, माणसांसमोर.

"कादरभाई, अस्वल गंजलेलं नव्हतं. चुकले होते मी."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग काठी बाजूला ठेवून म्हणाले, "बस गो. सांग, कसं होतं?"

मी यांच्याच शब्दांत सांगायला सुरुवात केली.