उतर, आणि ढकल

"इंजिन ऑफ. गेट ऑफ. पुश."

रॉन फाटकाशी उभा राहून हे म्हणायचा. दर रविवारी सकाळी. मी इंजिन बंद करायचो, खाली उतरायचो आणि मोटरसायकल ढकलायला लागायचो. फाटकापासून क्लबहाउसच्या दारापर्यंत चढ होता. फार नव्हता, पण सगळी खडी, आणि कॅनडातल्या सरेचा पाऊस म्हणजे खडी कायम ओली. गाडी तीनशे किलोची. मी पासष्ट किलोचा. वर दारात आठ-दहा मेंबर कॉफीचे कप धरून बघत असायचे. त्यांच्या गाड्या छपराखाली ओळीने लावलेल्या. ते गाडीवर बसूनच आत आले होते.

एकदा बूट घसरला. गाडी अंगावर आली आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला. कातडी भाजल्याचा वास मला स्वतःला आला. वरून कुणीतरी म्हणालं, "इझी, मॅन. दॅट्स अ नाइस बाइक." सगळे हसले. मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण हसलोच. गाडी सरळ केली आणि उरलेला चढ लंगडत चढलो.

का? भीती. उगाच मोठं करून सांगत नाही, दुसरं काही कारण नाही.

मी जेलमध्ये ऑफिसर आहे. कुठल्या, ते सांगत नाही. मराठवाड्यातल्या एका खेड्याच्या बुद्धवाड्यातून निघालो, नांदेडला शिकलो, कॅनडात येऊन कॉलेज केलं, वेअरहाउसमध्ये खोकी उचलली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला आणि मग ही नोकरी. पहिल्यांदा युनिफॉर्म अंगावर आला तेव्हा सुनंदाने, माझ्या बायकोने, आमच्या बेसमेंटमध्ये मला भिंतीशी उभं करून फोटो काढला आणि गावी पाठवला. गावाला वाटलं, पोरगा साहेब झाला. साहेब कसला. एका युनिटमध्ये चाळीस कैदी आणि त्यांच्यात मी एकटा. ना बंदूक, ना काही. रेडिओ असतो, त्यावर एक लाल बटण. काही झालं की ते दाबायचं, मग बाकीचे ऑफिसर पळत येतात. सगळा जीव त्या बटणात.

पहिल्या वर्षी ते एकदा दाबावं लागलं. फोनच्या रांगेवरून भांडण झालं आणि एका धिप्पाड कैद्याने मला भिंतीशी दाबलं. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून तो हळू आवाजात बोलत होता. मी मनात आकडे मोजत होतो. बूट वाजले तेव्हा पन्नास झाले होते. त्याच आठवड्यात शेजारच्या युनिटमध्ये रॉनच्या मित्राने बटण दाबलं. माझे वीससुद्धा मोजून झाले नाहीत, तोवर कॉरिडॉर बुटांनी भरला.

रॉन आमच्याकडचा सगळ्यात जुना ऑफिसर. बटण दाबलं की धावणाऱ्या टीमचा प्रमुख. आणि एका मोटरसायकल क्लबचा प्रेसिडेंट. क्लब फक्त वर्दीवाल्यांचा: पोलीस, कोर्टातले शेरीफ, बॉर्डरवाले, आणि आमच्यासारखे जेलवाले. त्या मित्रासाठी धावत आलेले सगळे त्याच क्लबातले, तो मित्रही. कुणी मला तसं बोलून दाखवलं नाही. मला डोळे होते.

गाडी चालवता येत होती. २०१६च्या ऑक्टोबरात मी अप्लाय केलं.

तिथे आधी वर्षभर प्रॉस्पेक्ट म्हणून राहावं लागतं. म्हणजे उमेदवारी. चामड्याच्या वेस्टच्या, म्हणजे बिनबाह्यांच्या जाकिटाच्या, पाठीवर 'प्रॉस्पेक्ट' लिहिलेली नुसती एक पट्टी. मेंबरांच्या गाड्या पुसायच्या, कॉफी करायची, राइडला सगळ्यांच्या मागे राहायचं. वर्ष झालं की मतदान. एकाने जरी नाही म्हटलं तरी तुम्ही बाहेर. सगळे हो म्हणाले तर पाठीवर पूर्ण पॅच, मग तुम्ही त्यांचे. आणि तुम्हाला आत घ्यायला जुन्या मेंबराने तुमची हमी द्यावी लागते. माझी दिली शिरीषदादाने.

शिरीषदादा पुण्याचा, वीस वर्षं इथे, कोर्टात शेरीफ. क्लबात मराठी बोलणारा तो एकटाच. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "गाव कुठलं तुमचं? आडनावावरून लक्षात येत नाही." मला ही विचारायची रीत तोंडपाठ आहे. मी सरळ सांगून टाकलं. तो म्हणाला, सोडा हो, इथे कोण विचारतं ते. च्यायला, मग आत्ता विचारलं कुणी? पण परक्या मुलखात मराठी कानावर पडली की मी विरघळतो. तो माझा दोष.

एका दुपारी त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही माझ्या गाडीचं ऑइल बदलत होतो. वहिनींनी पोहे आणून दिले होते. एव्हाना आम्ही अरेतुरेवर आलो होतो. बोलता बोलता मी त्याला बाची गोष्ट सांगितली. बा म्हणजे माझा बाप. बाकडे सायकल होती. तालुक्याला गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचा, जाता जाता मला कॅरियरवरून शाळेत सोडायचा. वरच्या आळीचा कोपरा आला की बा उतरायचा, मलाही उतरवायचा, आणि आळी संपेपर्यंत मान खाली घालून सायकल ढकलत चालायचा. ओट्यांवर माणसं बसलेली असायची. आळी संपली की पुन्हा टांग टाकायचा. मी एकदा विचारलं, का उतरायचं रोज? बा म्हणाला, पाय मोकळे करायला. मला ते किती तरी वर्षं खरं वाटत होतं.

ऐकताना शिरीषदादाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलं. ही गोष्ट तोवर मी सुनंदाशिवाय कुणाजवळ बोललो नव्हतो.

त्याच्या पुढच्या रविवारी रॉन पहिल्यांदा फाटकाशी उभा दिसला. म्हणाला, प्रॉस्पेक्टने फाटकातून गाडीवर बसून यायचं नसतं, जुना नियम आहे, आजवर तुला सूट दिली होती. मी मान डोलावली आणि उतरलो. शंका आली नाही असं म्हणू शकतो, पण ते खोटं होईल. शंका आली. मी तिला दारातच थांबवलं. मला पॅच हवा होता, पॅच म्हणजे बूट, आणि बूट म्हणजे मी जिवंत घरी येणार.

डिसेंबर ते ऑगस्ट. आठ महिने ढकलली. सुनंदाने पोटरीवरचा डाग बघून विचारलं, तर म्हटलं सायलेन्सरला पाय लागला. तेवढंच सांगितलं.

ऑगस्टात काइल नावाचा नवा प्रॉस्पेक्ट आला. चाळिशीचा, बॉर्डरवर नोकरीला, गोरा. मी आत गाड्या पुसत होतो. पाहतो तर हा फाटकातून गाडीवर बसून थेट वर येतोय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बिचाऱ्याला माहीत नाही, आता रॉन याची सालटी काढणार. हातातलं फडकं टाकून मी पळत गेलो, त्याला आडवा गेलो, म्हटलं, उतर, मॅन, उतर, ढकलत यायचं असतं, रूल आहे.

तो म्हणाला, "व्हॉट रूल?"

दारात हशा फुटला. रॉन खाली आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रिलॅक्स, बडी. दॅट वन्स जस्ट फॉर यू. इट्स अ ट्रॅडिशन फ्रॉम युवर व्हिलेज, राइट?"

फक्त तुझ्यासाठी, तुझ्या गावची परंपरा. मी शिरीषदादाकडे बघितलं. तो कॉफीत साखर ढवळत होता, ढवळतच राहिला. केसाने गळा कापला होता त्याने. आणि त्याहून वाईट हे, की त्या घडीला तो नियम राखायला पळालो होतो मी. दुसरं कुणी नाही, मी.

मग वॉशरूमपाशी गाठून तो मला समजावायला लागला. मनाला लावून घेऊ नको म्हणाला. सहज सांगितलं, तू कुठून कुठे आलास याचं त्यांना कौतुक वाटावं म्हणून. मस्करी सगळ्यांचीच होते. "मला वर्षभर करी म्हणून हाक मारायचे. मी गप्प बसलो, पॅच मिळाला. तुझे दोनच महिने राहिलेत." मला वाटतं त्याला खरंच माझं भलं करायचं होतं. म्हणूनच जास्त राग येतो.

आता इथे तुम्हाला वाटेल, मी पेटून उठलो. नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा ढकलली. सगळं माहीत असून. त्याच्या पुढच्या रविवारीही.

मग एकदा सुनंदापाशी सगळं ओकलो. ती म्हणाली, आग लाव त्या क्लबला, आजच सोड. मी म्हटलं, आणि बटण? ती सिंककडे वळली. बराच वेळ भांडी घासत राहिली.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे गावाकडे सोमवारी सकाळी, मी बाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, बा, वरच्या आळीत तू सायकलवरून उतरायचास, ते खरं कशासाठी?

"भेव वाटायचं रे," बा म्हणाला. "तू भिऊ नयेस म्हणून पाय मोकळे करायचं सांगितलं."

मग ते थांबलं कधी, मी विचारलं.

"थांबलं कुठं? सायकल विकली. चालणाऱ्याला उतर म्हणून कोण म्हणंल?"

असं म्हणून तो हसला. आपण शहाणपणा केला असं अजूनही वाटत होतं त्याला. मी फोन ठेवला आणि बेसमेंटच्या पायरीवर बसून रडलो. क्लब सोडणं म्हणजे सायकल विकणंच झालं असतं. उतरलो तरी बा, गाडी विकली तरी बाच. बाला मी नावं ठेवत नाही. त्याच्यामागे पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, वर्दी नव्हती. माझ्या अंगावर वर्दी होती आणि तरी मी उतरत होतो.

ऑक्टोबरात मतदानाचा रविवार आला. मी वळणावरून पाहिलं, फाटकाशी रॉन, मागे सगळे मेंबर, काहींच्या हातात फोन. शेवटची ढकलणी त्यांना व्हिडिओत हवी होती. हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास जमला होता. घाम फुटला होता, आणि खरं सांगतो, थोडी लघवीही झाली.

रॉनने हात वर केला. "इंजिन ऑफ."

मी बंद केलं नाही. पहिला गिअर तसाच. तो शेवटच्या क्षणी बाजूला झाला. खडीवर मागचं चाक घसरलं, सावरलं, मी वर आलो, छपराखाली त्यांच्या ओळीत गाडी लावली आणि मग माझ्या हाताने चावी फिरवली. तसाच बसून राहिलो. पाय इतके लटपटत होते की मला उतरताही आलं नसतं.

रॉन चालत वर आला. आता तो हसत नव्हता. "गेट ऑफ."

"माय फादर गॉट ऑफ," मी म्हटलं. "आय वोन्ट."

मी शिरीषदादाकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "दादा, माझ्या बापाची गोष्ट मी तुला दिली होती. क्लबाला नाही."

मतदान तिथल्या तिथे झालं. नाही म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. शिरीषदादाचा सगळ्यात शेवटी, पण गेला. मी वेस्ट काढून शेजारच्या गाडीच्या सीटवर ठेवलं आणि गाडीवर बसूनच फाटकातून बाहेर आलो. घरी येईपर्यंत तीनदा गाडी कडेला घ्यावी लागली.

त्यानंतर तीन आठवडे जेलमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. मी जेवायला एकटा. पार्किंगमध्ये माझी गाडी एकटी.

मग बटण दाबायची वेळ आली. दोन कैद्यांची जुंपली, एकाने टूथब्रश घासून टोकदार केलेला. मी मध्ये पडलो आणि माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. बटण दाबलं. मोजायला लागलो. पन्नास झाले. सत्तर झाले. मी जमिनीवर होतो, त्याचा गुडघा माझ्या छातीवर. नव्वदला दोन ऑफिसर आले, लांबच्या युनिटमधले, नवे, धापा टाकत. त्यांनी त्याला ओढून काढलं. त्यांच्यामागून रॉन आला. त्याचं युनिट माझ्या शेजारी. तो चालत आला. माझ्याकडे वाकून म्हणाला, "यू ओके, बडी?"

हाताला एकोणीस टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. कोण आलं, कुठून आलं, किती वेळाने आलं. त्यात एक ओळ अशी, की शेजारच्या युनिटमधला ऑफिसर पळत आला नाही, चालत आला. त्याचं पूर्ण नाव. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचा नंबर. खाली माझी सही.

काल सुपरवायझरने बोलावलं. दार लावून घेतलं. समजुतीच्या सुरात म्हणाला, बाकी रिपोर्ट चांगला आहे, तेवढी एक ओळ काढ. नाहीतर इथे तुलाच जड जाईल, तुझी बायको आहे, विचार कर. मी विचार केला. त्याच्यासमोर बसून नीट विचार केला. पेन त्याने माझ्या पुढ्यात सरकवलेलं होतं. माझा टाके घातलेला हात टेबलावर होता, तो त्याने बघितला. मी पेन परत सरकवलं.

उद्या सकाळी सातला माझी ड्युटी. तेच युनिट, तेच चाळीस, शेजारी रॉन. सुनंदा रात्रभर झोपणार नाही, मीही नाही. मला मरणाची भीती वाटते, आणि उद्याही वाटणार.

ओळ मी काढणार नाही.