साखळीचं दुसरं टोक

आमचे बाबा नकाशाच्या कचेरीत मोजणीदार. माणूस सरळ, पण मोजायचा सोस असा की जीव नको होतो. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत किती पावलं, हे घरात फक्त त्यांना ठाऊक, आणि दुसऱ्या कुणाला ते नकोच असतं. मोजताना मध्ये कुणी हाक मारली की संपलं. स्वारी परत फाटकात.

आमच्या गावाखालून वाहणारी नदी वर खोऱ्यात दोन ओढ्यांची मिळून होते. डावा ओढा बाबांच्या गावच्या डोंगरातून येतो, उजवा आईच्या माहेरच्या. दगडी पुलाखाली दोन्ही एक होतात. लग्न झाल्यापासून बाबांचं एकच पालुपद, "नदी आमची. तुमच्याकडून येतं ते नुसतं सांडपाणी!" आईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण करते काय? जुन्या नकाशावर नदीचं नाव डाव्या ओढ्यालाच होतं.

मग नवा नकाशा करायचं निघालं. साहेबांचा हुकूम आला : दोन्ही ओढे उगमापासून पुलापर्यंत मोजा. लांब असेल त्याला नदीचं नाव, दुसरा उपनदी. आणि काम कुणाकडे? आमच्या बाबांकडे! बाबा दोन दिवस शीळ घालत हिंडत होते.

नेमका मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरणारा शिपाई पाय मुरगळून घरी बसला. आईने चपला घातल्या.

"दुसरं टोक मी धरते."

"अगं, सरकारी काम आहे!"

"म्हणूनच."

डबा आणि पाणी घेऊन मी मागे. पहिल्या दिवशी डावा ओढा. बाबांनी एकही वळण सोडलं नाही. एका खडकाला तर अख्खा वळसा घातला.

"अहो, पाणी इकडून जातं," आई म्हणाली. "तिकडून तुम्ही एकटेच चाललात."

दुसऱ्या दिवशी उजवा. आज बाबांना कसली घाई! वळण आलं की साखळी सरळ पलीकडे ताणायची. आई तिथेच बसकण मारायची, टोक मुठीत घट्ट.

"वळण राहिलं."

"एवढंसं तर आहे गं!"

"मग मोजायला कितीसा वेळ लागणार?"

संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसून बाबांनी बेरीज केली. मग पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. चेहरा पार उतरला. वही त्यांच्या हातात, आकडे त्यांनीच टिपलेले, आम्हाला काय कळणार होतं? खरं सांगते, मला धाकधूक वाटत होती.

"तुझा लांब आहे," ते म्हणाले. "एक्केचाळीस मीटरने."

मला वाटलं, आई आता तेहतीस वर्षांचं उट्टं काढणार. ती नुसतीच म्हणाली, "मग तुमच्या ओढ्याचं काय होणार?"

"उपनदी. नाव या पुलापर्यंतच. पुढे तुझ्या नदीचं लागतं." बाबांनी वही मिटली. मलाच कसंतरी झालं.

आई साखळी गोळा करत होती. "एवढं मनाला लावून घेऊ नका. माझं माहेरचं नाव तुमच्या फाटकाशी संपलं. मी आहेच की."

बाबांनी वही पुन्हा उघडली. वहीत शेवटी एक रकाना होता : साखळीचं दुसरं टोक कुणी धरलं, त्याचं पूर्ण नाव. त्यांनी आईचं माहेरचं पहिलं नाव लिहिलं आणि पेन्सिल थांबली.

"तुझ्या वडिलांचं नाव काय गं?"

तेहतीस वर्षांचा जावई! धन्य तो माणूस!

आईने वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग वही स्वतःकडे ओढून घेतली आणि ते तीन शब्द बराच वेळ वाचत बसली.